अठ्ठेचाळीस गडी, चार मुकादम आणि तीन मेमो

एसीच्या खोलीत धूळ येत न्हाय म्हणतात. येते. दाराच्या फटीतनं येते, साहेबांच्या बुटाला लागून येते. रोज मीच पुसतो, म्हणून मला ठाऊक. किस्स्यांचं बी तसंच हाय. आज पुसून काढले तरी उद्या तेवढेच साचलेले. कॅन्टीनात चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "मामा, तुमच्या थंड खोलीतलं काहीतरी सांगा की." मी सांगतो, ते हसतात. हसू द्या. सांगताना माझी मात्र अजून कानशिलं तापतात.

धाराशिवातनं बेंबळीच्या रस्त्याला लागलं की आमचं कॉलेज लागतं. तळमजल्यावर एक खोली हाय, तिच्यात कॉम्प्युटरचा सगळा गोतावळा. एका मशीनला झेपणार न्हाय असं गणित सगळ्यांनी मिळून करायचं, त्याला क्लस्टर म्हणतात. पाऊस पडला तर माकणीच्या धरणात किती पाणी येईल आणि किती दिवसांत येईल, असली गणितं तिथं चालतात. मी त्या खोलीचा शिपाई, लिंबाजी. सकाळी सगळं चालू करायचं, संध्याकाळी बंद करायचं, मधल्या वेळात दाराशी स्टुलावर बसायचं.

खोली खरी चालवतात त्या प्रज्ञाबाई. बेंबळीच्या. वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. बाई कंत्राटी हायत, दर साली कागद नवा होतो. आणि कंत्राटात एक ओळ हाय, ती सगळ्या कॉलेजला पाठ हाय. एका सालात तीन मेमो निघाले की कंत्राट पुढं वाढत न्हाय. मेमो काढायचा अधिकार हेडसाहेबांना. हेडसाहेब म्हंजे आमच्या विभागाचे प्रमुख. वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. काम असलं की मला "मामा" म्हणतात, काम झालं की "लिंबाजी".

मी तरुणपणी रस्त्याच्या कामावर लई वर्षं काढली. बाईंना ते कळल्यावर त्यांनी मला खोलीतलं सगळं त्याच भाषेत समजावलं. सगळी मशिनंच, पण वर एक हेड. त्याच्या खाली चार मुकादम. एकेका मुकादमाच्या हाताखाली बारा गडी. गड्यांच्या पोटात काहीच नसतं. ते चालू झाले की तारेवरनं हाक मारतात, "मी कोण? मला काय काम?" मग त्यांचा मुकादम आपल्या यादीत बघतो, नंबर देतो, कामाचा सगळा पसारा पाठवतो, आणि गडी कामाला लागतो. भिंतीवरच्या टीव्हीवर अठ्ठेचाळीस चौकोन हायत. गडी कामाला लागला की त्याचा चौकोन हिरवा. उभाच राहिला तर लाल.

एवढं कळायला मला एक दुपार लागली. हेडसाहेबांना किती लागली ते तुमीच ठरवा.

* * *

फीत कापायच्या दिवशी पाहुणे आलेले. हेडसाहेबांनी नवा कोट घातलेला. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्यांदा हेड चालू करायचा, तो पुरता उठला की मुकादम, आणि मुकादम उठून बसले की मग गडी. सगळं मिळून वीस मिनिटं जातात.

हेडसाहेब म्हणाले, पाहुण्यांना वीस मिनिटं काय उभं करायचं? मी एक बटण दाबतो, सगळं एकदम पेटलं पाहिजे.

आणि दाबलं. भिंतीवरचं मोठं बटण. दिवे लागले, पंखे सुटले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे टीव्हीकडं बघत उभे. एक चौकोन लाल झाला, मग दहा लाल, मग झाडून सगळे लाल. गड्यांना उठायला वेळ लागत न्हाय, ते उठले आणि हाका मारू लागले. मुकादम अजून डोळे चोळत होते. गडी चार-पाच हाका मारतात, कोणी ओ दिली न्हाय की गप उभे राहतात. परत विचारत न्हायत.

साहेबांनी बटण बंद केलं, परत दाबलं. परत तेच. तिसऱ्यांदा दाबायला हात वर गेला तवा माझ्या तोंडातनं निघून गेलं, "साहेब, गडी ओरडायलेत आणि मुकादम झोपलेत. बटण दाबून काय उपयोग?"

साहेबांनी पाहुण्यांकडं बघून हसल्यासारखं केलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "लिंबाजी, तू शिपाई आहेस."

"व्हय साहेब. म्हणून तर मला वाट बघता येते."

पाहुण्यांना नाश्त्याला नेलं. मी आणि बाईंनी एकेक करून सगळं उठवलं. वीस मिनिटांत अठ्ठेचाळीस हिरवे. पाहुणे परत आले तवा साहेब त्यांना सांगत होते, मघाशी टेस्टिंग चाललं होतं.

* * *

पहिल्या मेमोचं सांगतो.

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. एकाएकी सकाळी गडी उठेनात. सगळेच न्हाय. आज सात, उद्या अकरा, परवा दोन. आणि रोज निराळे. काल जो हिरवा होता तो आज लाल. कायमचा बिघाड असता तर सापडला असता, पण हा रोज जागा बदलायचा. बाईंनी तारा तपासल्या, याद्या तपासल्या, मुकादम एकेक करून बदलून बघितले. काही न्हाय.

चौथ्या दिवशी मेमो आला. कामात हलगर्जीपणा. बाईंनी वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि परत लादीवर मांडी घालून बसल्या. मांडीवर लॅपटॉप. तारेवरनं कोण काय बोलतंय ते त्या लॅपटॉपवर बघत होत्या.

सहाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "मामा, गडी हाक मारतोय आणि त्याला दोघं जण ओ देताहेत. एक आपला मुकादम. दुसरा कोण ते मला माहीत नाही."

मी म्हटलं, म्हंजे कामावर कोणी उपरा येऊन मुकादमकी करायलाय?

तसंच होतं ते. उपऱ्यानं आधी ओ दिली की गडी त्याच्या मागं जायचा. तो गड्याला नंबर द्यायचा, पण काम काहीच द्यायचा न्हाय. त्याच्याकडं कामच न्हवतं. गडी बिचारा नंबर घेऊन दिवसभर लाल.

मग आमी तार धरून निघालो. बाई पुढं, मी मागं, हात भिंतीवर. खोलीतनं व्हरांड्यात, व्हरांड्यातनं जिन्यानं वर, आणि तार गेली थेट हेडसाहेबांच्या केबिनीत. ती केबिन आधी ऑपरेटरची खोली होती, त्यामुळं तिथल्या भिंतीत क्लस्टरची तार राहून गेलेली. तिला एक पांढरा डबा जोडलेला. त्याच्यावर दोन शेंड्या. साहेब खुर्चीत रेलून मोबाइलवर मॅच बघत होते.

बाईंनी विचारलं, सर, हा डबा कुणाचा?

साहेब म्हणाले, घरचा राउटर आहे, इथं नेट स्लो येतं. त्याचा काय संबंध?

बाई वाकल्या आणि तार उपटली. खाली विद्यार्थी पोरं लाल गडी बंद-चालू करत बसलेली, त्यांचा आवाज आला, हिरवे झाले, हिरवे झाले.

साहेब मोबाइलकडं बघत म्हणाले, "अहो, ओव्हर तरी संपू द्यायची होती."

मेमोचं काय, म्हणून बाईंनी विचारलं. तर म्हणाले, निघालेला कागद परत घ्यायची पद्धत नाही आपल्याकडं. घरचा डबा मात्र त्याच दिवशी परत गेला.

* * *

एकदा पुण्याहून मशिनं विकलेल्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्याला साहेबांनीच बोलावलं होतं, बाईंना न विचारता. पाठीवर सॅक, गळ्यात पट्टा. आल्या आल्या एसी आणखी थंड करायला सांगितला. मी शाल पांघरली.

त्यानं दिवसभर बसून हेडमधल्या सगळ्या याद्या नव्यानं लिहिल्या. बाईंनी दोनदा सांगून बघितलं की चालू हाय ते चालू राहू द्या, तिसरा मुकादम उठायला उशीर लावतो, त्याचं तेवढं बघा. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडं स्टँडर्ड प्रोसिजर असते. चार वाजता लॅपटॉप बंद केला, सकाळी चेक करा म्हणाला, आणि गाडीत बसून गेला.

सकाळी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस लाल. इतका लाल टीव्ही म्या कधी बघितला न्हवता. लग्नाच्या मांडवासारखा.

बाईंनी त्याला फोन लावला. नऊ वाजता उचलला न्हाय, दहाला उचलला न्हाय. अकराला उचलला तर मागं घंटा वाजत होती. पुण्याला जायचं सोडून पठ्ठ्या येरमाळ्याला मुक्कामी राहिला होता.

"मॅडम, मी येडेश्वरीच्या दर्शनाच्या रांगेत आहे. नंतर करतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पुढं किती जण आहेत? कारण इथं अठ्ठेचाळीस जण रांगेत उभे आहेत, आणि त्यांची देवी तुम्ही आहात."

त्यानं फोन ठेवला. बाईंनी त्याच्या याद्या ओळीनं वाचायला घेतल्या. दुपारी सापडलं. गड्यांनी कामाचा पसारा कोणत्या मशीनकडनं उचलायचा त्या पत्त्यात एक आकडा चुकलेला. तो पत्ता दुसऱ्याच कुठल्या तरी कॉलेजचा असावा, तिथनं उचलून इथं चिकटवलेला. गडी त्या पत्त्यावर जायचे, तिथं कोणीच नसायचं. बाईंनी एक आकडा बदलला आणि सगळे हिरवे.

आठवड्यानं कंपनीचा कागद आला. आमच्या तज्ज्ञांनी समस्या यशस्वीरीत्या सोडवली. हेडसाहेबांनी त्यांना आभाराचं पत्र धाडलं. पत्र टपालात टाकायला मलाच दिलं. टाकलं म्या. पण पेटीत टाकताना जरा जोरात टाकलं.

* * *

दुसरा मेमो वीज पडली त्याचा.

वीज मागच्या लिंबाच्या झाडावर पडली, पण दणका तारेतनं आत आला आणि दुसऱ्या मुकादमाचा सातवा गडी गेला. म्हंजे अख्खा न्हाय, तार जोडायचं त्याचं कार्ड जळलं. बाईंनी नवं कार्ड बसवलं. आता गंमत अशी की मुकादम गड्याला ओळखतो ते कार्डावरच्या नंबरावरनं. कार्ड नवं म्हंजे नंबर नवा. गडी जुनाच, पण मुकादम म्हणतो, हा माझ्या यादीत न्हाय.

रस्त्याच्या कामावर असं लई व्हायचं. माणूस सकाळपासनं खडी फोडायचा आणि हजेरीत त्याचं नावच नसायचं. तवा त्याची बाजू घेऊन भांडायला कोणीतरी लागायचं.

नवा नंबर यादीत टाकायचा तर हेडचा पासवर्ड लागतो. पुण्याच्या माणसानं सगळं लाल करून ठेवल्यापासनं साहेबांनी तो बदलून आपल्याच डायरीत ठेवला होता. आणि साहेब गेलेले लातूरला, लग्नाला, चार दिवस. बाईंनी फोन केला. साहेब म्हणाले, फोनवर पासवर्ड द्यायचा नसतो, सिक्युरिटीचा प्रश्न आहे, लेखी अर्ज करा. बाईंनी अर्ज लिहिला आणि केबिनीत टेबलावर ठेवला. मी होतो त्या वेळी तिथं, पेपरवेट मीच ठेवला.

साहेब परतले. टीव्हीवर एक चौकोन लाल. विचारलं, हा चार दिवस बंद का?

बाई म्हणाल्या, तुमच्याकडं पासवर्ड मागितला होता.

"लेखी कुठं आहे?"

बाईंनी टेबलावरचा अर्ज उचलून दाखवला. साहेबांनी तो पुढून बघितला, उलटा करून मागून बघितला.

"ह्यावर अर्ज मिळाल्याची माझी सही नाही."

बाई म्हणाल्या, सर, तुम्ही इथं नव्हता.

"तेच म्हणतोय मी. म्हणजे मला अर्ज मिळालाच नाही."

दुसरा मेमो. बाई बाहेर आल्या, माझ्या स्टुलाशेजारच्या पायरीवर बसल्या. मी तांब्या पुढं केला. पाणी प्याल्या. म्हणाल्या, "मामा, आता एकच उरला." त्यांच्या घरी आईचं आजारपण, धाकटा भाऊ शिकतोय, हे मला माहीत होतं. म्या म्हटलं, तांब्या राहू द्या तुमच्यापाशी.

त्या दिवसापासनं मी खोलीतलं सगळं डोळ्यांत तेल घालून बघू लागलो. कोण आलं, कशाला हात लावला, कोणती तार हलली. शिपायाचं एक बरं असतं. तो बघतोय हे कोणाच्या ध्यानात येत न्हाय.

* * *

मधे एक बारकासा किस्सा.

मुंबईहून कोणी मोठे प्राध्यापक बघायला आले. त्यांनी साहेबांना विचारलं की ही मशिनं तारेवरनं चालू कशी होतात. साहेब म्हणाले, टेक्निकल डिटेल मॅडम सांगतील. बाईंनी पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगितलं. हेड, मुकादम, गडी, याद्या, हाका. प्राध्यापक मान हलवत होते, वहीत लिहून घेत होते.

बाई थांबल्या तसे साहेब पुढं झाले. "थोडक्यात काय, सगळं मी वरून कंट्रोल करतो."

खोटं न्हाय ते. साहेबांची केबिन वरच्या मजल्यावर हाय.

* * *

आता खंडेनवमीचं. हे सांगताना चहा थंड झाला तरी मी पीत न्हाय.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतात विळे-कोयते, गॅरेजात पाने, एसटीत स्टेअरिंग. कॉलेजात प्रयोगशाळा. आमच्या खोलीत दरसाल बाई नुसता एक हार दारावर लावायला सांगायच्या, आत कोणी हात लावायचा न्हाय. यंदा बाई न्हवत्या. दसऱ्याला घरचे सगळे दीक्षाभूमीला नागपूरला जातात. आदल्या दिवशीच निघायचं होतं. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी दिलेला, साहेबांची सही असलेला.

साहेब सकाळी दहाला आले. सोबत क्लार्क शिंदे आणि दुसऱ्या विभागातले चौघे. म्हणाले, यंदा पूजा नीट करायची, फोटो वर पाठवायचाय. सगळी मशीन खाली काढा, पुसा, ओळीत मांडा.

म्या पुढं होऊन सांगितलं की साहेब, ह्यांच्या जागा ठरलेल्या हायत. हलवायच्या असल्या तर बाई आल्यावर हलवा.

"लिंबाजी, मशीन ती मशीन. आज सणाचा दिवस, डोकं चालवू नको."

सगळ्या तारा उपटल्या. अठ्ठेचाळीस गडी सतरंजीवर मांडले. बाईंनी एकेकावर चिठ्ठी डकवली होती, कोण कोणत्या मुकादमाचा, कितवा. फोटोत घाण दिसतात म्हणून साहेबांनी त्या ओल्या फडक्यानं काढायला लावल्या. मग हळद, कुंकू, झेंडूचा हार, प्रत्येकाला अक्षता. एकाच्या पंख्यात अक्षता गेल्या, तो नंतर आठ दिवस खुळखुळ्यासारखा वाजत होता. फोटो निघाला. साहेब मधे, निरांजन हातात. मग म्हणाले, भरा परत. चौघांनी जो हातात आला तो जिथं रिकामं दिसलं तिथं सरकवला, जी तार जवळ आली ती खुपसली. मी बघत होतो. कोणी काय कुठं सरकवलं ते सगळं बघत होतो, पण अठ्ठेचाळीस एकसारखी डबडी, कुणाचं तोंड लक्षात ठेवणार?

सण उलटला. सोमवारी म्या रीतीप्रमाणं हेड उठवला, मुकादम उठवले, गडी उठवले. तेहतीस लाल.

का, ते आता तुमाला बी कळलं असेल. पहिल्याचा गडी तिसऱ्याच्या दारात उभा राहून हाक मारायलाय, आणि तिसरा म्हणतोय, तू माझा न्हाइस.

बाई आल्या. टीव्हीकडं बघितलं, मग मशिनींकडं. एका मशीनच्या जाळीवर बोट फिरवलं, बोटाला हळद लागली. त्यांनी याद्या कागदावर काढल्या. मी एकेक गडी ओढून बाहेर काढायचो, त्या मागं वाकून कार्डाचा नंबर वाचायच्या, यादीत शोधायच्या, मग आमी दोघं मिळून तो त्याच्या मुकादमाकडं नेऊन ठेवायचो. दोन दिवस लागले. माझी कंबर गेली. मंगळवारी चार वाजता अठ्ठेचाळीसावा हिरवा झाला. बाईंनी फडकं घेऊन त्याच्यावरचं कुंकू पुसलं.

पण त्या दोन दिवसांत धरणाच्या पाण्याचं गणित निघालं न्हाय, आणि वरनं विचारणा झाली की का निघालं न्हाय. कोणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं.

बुधवारी साहेबांनी मला वर बोलावलं. "या मामा, बसा." मामा म्हणाले तवाच मी ओळखलं. खुर्ची बी दिली. वीस वर्षांत त्या केबिनीत मी कधी बसलो न्हवतो. शिंदे क्लार्क कोपऱ्यात टाइपरायटरवाणी ताठ बसलेले. प्रज्ञाबाई दारापाशी उभ्या. त्यांना खुर्ची न्हवती.

साहेबांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, काही नाही मामा, दसऱ्याच्या वेळी मशीन हलली होती एवढंच लिहिलंय. तुम्ही तिथं होता म्हणून साक्षीदार. आणि शाईचा पॅड उघडून समोर ठेवला. "अंगठा द्या इथं."

मी शाळेत गेलो न्हाय हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. पगाराच्या कागदावर वीस वर्षं अंगठाच. पण गेली दोन सालं दुपारच्या वेळेला बाई मला अक्षरं शिकवायच्या. आधी मशिनीवरच्या चिठ्ठ्या, मग पेपर, मग वही. हे आमच्या दोघांतच होतं. मला लाज वाटायची, ह्या वयात पाटी धरली म्हणून. त्यामुळं म्याच त्यांना सांगितलं होतं, कोणाला सांगू नका.

म्या कागद उचलला आणि वाचायला लागलो. मोठ्यानं. मला मनातल्या मनात वाचता येत न्हाय अजून.

"मी... लिंबाजी... असे लिहून देतो की... कंत्राटी तंत्रज्ञ... यांनी..."

शिंदेंनी मान वर केली. साहेब म्हणाले, अहो मामा, वाचायची गरज नाही, मी सांगितलं ना.

मी थांबलो न्हाय. जोडाक्षराला अडखळलो, परत मागं गेलो, परत धरलं. "रजेवर... जाण्यापूर्वी... कोणाचीही परवानगी न घेता... यंत्रांच्या जागा... बदलल्या. हे मी... स्वतः... पाहिले आहे."

एवढं वाचायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार न्हाय. घाई कोणालाच करता येईना.

कागदाच्या खाली दुसरा कागद होता. तिसरा मेमो. टाइप करून तयार, नुसती तारीख टाकायची राहिलेली.

मी बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत न्हवत्या, खिडकीकडं बघत होत्या.

म्या शाईचा पॅड मिटला आणि साहेबांकडं त्यांचा पेन मागितला. त्यांनी दिला. माझ्या तोंडाकडं बघून दिला की काय, माहीत न्हाय. मी अंगठ्याच्या जागेपासनं लिहायला सुरुवात केली. मोठी मोठी अक्षरं, एकाखाली एक ओळ. सकाळी दहाला कोण आलं, सोबत कोण होतं, मी काय बोललो, मला काय उत्तर मिळालं, चिठ्ठ्या कोणी काढल्या. कागद संपला तसा उलटा केला आणि पाठीवर लिहीत राहिलो. राग आलेला, पण अक्षर बिघडू दिलं न्हाय.

साहेबांनी घड्याळ बघितलं, शिंदेंकडं बघून हसले. "मामा, सही एवढी लांब असते का कुठं?"

"सही शेवटी हाय, साहेब. आधी वरचं वाचा. मोठ्यानं वाचा, शिंद्यांना बी ऐकू द्या."